घाटातला दुसरा काटा: टर्बो गाडीला ईजीटी सेन्सर बसवताना

आजचा भाग टर्बो गाडी चालवणाऱ्यांसाठी आहे. त्यातही जे पनवेलहून नेहमी बोरघाट चढतात, त्यांनी तर ऐकाच.

आपल्या डॅशबोर्डवर तापमानाचा जो काटा असतो, तो पाण्याचं म्हणजे कूलंटचं तापमान सांगतो. पाणी सावकाश तापतं. थर्मोस्टॅट आणि पंखा त्याला सांभाळून घेतात, आणि बऱ्याच गाड्यांत थोडाफार चढउतार झाला तरी काटा मुद्दाम मधेच ठेवलेला असतो. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हा दर सेकंदाचा लॉग नाही, दिवसाअखेरचा सारांश आहे.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूचं तापमान मात्र काही सेकंदांत शेकडो अंशांनी बदलतं. त्याला म्हणतात ईजीटी, म्हणजे एक्झॉस्ट गॅस टेंपरेचर. याच वायूवर टर्बोचं चाक फिरतं, मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे. टर्बोवर आणि पिस्टनवर किती ताण येतोय, हे या आकड्यातून कळतं.

आता हा विषय माझ्याकडे आला कसा? माझा चुलत दादा पनवेल-पुणे गाडी चालवतो. स्विफ्ट डिझेल, २०१३ ची, सेकंड हँड. इंजिन १२४८ सीसीचं, मूळचं फियाटचं मल्टिजेट. हेच इंजिन आपल्या रांजणगावच्या कारखान्यातही बनायचं. आधीच्या मालकाने कुठेतरी ईसीयू रीमॅप करून घेतला होता. जादा ताकद म्हणजे जादा डिझेल, एवढं तर उघड आहे. दादाला गाडी पळते म्हणून आनंद, मला टर्बोची काळजी. कारण टर्बो गेला तर त्याची दोन महिन्यांची कमाई गेली, आणि तेवढे दिवस गाडी उभी ती वेगळीच.

तो म्हणायचा, "अरे, काटा तर मधेच आहे!" मी म्हटलं, "दादा, तू बघतोयस तो काटा वेगळा आहे. आपण दुसरा बसवू आणि मग ठरवू."

आधी एक महत्त्वाचं. तुमची डिझेल गाडी बीएस-६ असेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, तर ड्रिल हातात घेऊ नका. धुरातली काजळी पकडणारा फिल्टर सांभाळण्यासाठी अशा गाड्यांत कंपनीनेच तापमानाचे सेन्सर दिलेले असतात. ब्लूटूथवाला ओबीडी अडॅप्टर आणि मोबाईलवरचं ॲप यांनी बऱ्याच गाड्यांत तो आकडा थेट दिसतो. दादाच्या जुन्या गाडीत ही सोय नव्हती, म्हणून आम्हाला सेन्सर बसवावा लागला.

सेन्सर म्हणजे के-टाइप थर्मोकपल. दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा, क्रोमेल आणि अल्युमेल, टोकाला जोडलेल्या. टोक तापलं की दुसऱ्या बाजूला अगदी बारीक व्होल्टेज मिळतं, एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. झेबेक नावाच्या शास्त्रज्ञाला १८२१ मध्ये सापडलेली ही गोष्ट आज कळंबोलीच्या गॅरेजमध्ये कामाला येते.

पहिला प्रश्न, बसवायचा कुठे? टर्बोच्या आधी की नंतर? टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये जिथे चारही सिलिंडरचा वायू एकत्र येतो, तिथे खरं तापमान मिळतं. टर्बोच्या नंतर बसवला तर आकडा शंभर-दोनशे अंशांनी कमी दिसू शकतो, आणि हा फरक लोडप्रमाणे बदलतो, त्यामुळे ठरावीक आकडा मिळवून हिशेब जुळत नाही. नंतर बसवण्याचा फायदा एकच, प्रोबचं टोक तुटलं तरी ते टर्बोच्या चाकात जात नाही. आम्ही आधीची जागा निवडली आणि प्रोब चांगल्या प्रतीचा घेतला.

दुसरी गोष्ट, मॅनिफोल्ड खोलूनच भोक पाडा. "ग्रीस लावून जागेवरच ड्रिल मारू, चुरा चिकटतो" असं सांगणारे भेटतात. पण मॅनिफोल्ड बिडाचा असतो, त्याचा चुरा बारीक पडतो. त्यातला एक कण जरी लाखभर फेऱ्यांच्या चाकावर गेला, तरी वाचवलेली मजुरी महागात पडते. आमच्या मेकॅनिकने मॅनिफोल्ड उतरवला, लेथवाल्याकडून भोक पाडून १/८ इंचाचे आटे पाडून घेतले, आतून साफ केला आणि नवीन गॅस्केट घालून परत चढवला. प्रोबचं टोक वायूच्या मधोमध यायला हवं. भिंतीला टेकलं तर वायूचं नाही, भिंतीचं तापमान कळतं.

तिसरी गोष्ट वायरची, आणि इथे चांगले चांगले इलेक्ट्रिशियन फसतात. प्रोबची वायर कमी पडली तर साधी तांब्याची वायर जोडायची नाही, के-टाइपचीच एक्स्टेन्शन वायर लागते. का, ते बघा. समजा जोड बॉनेटखाली ८० अंशांत आहे आणि मीटर केबिनमध्ये ३० अंशांत. तांब्याची वायर असेल तर मीटर जवळजवळ ५० अंश कमी दाखवेल. म्हणजे इंजिन जितकं तापेल, तितकं मीटर तुम्हाला जास्त धीर देईल! आणि अमेरिकन पद्धतीच्या वायरीत पिवळी प्लस असते, लाल मायनस. आपल्याकडे लाल म्हणजे प्लस हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. उलटी जोडली तर इंजिन तापताना आकडा खाली जातो.

आता आकड्याचा अर्थ. डिझेलमध्ये टर्बोच्या आधी बराच वेळ ७०० अंशांच्या वर राहू नये, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं, मग पिस्टन कसा वाचतो? कारण ऑइल त्याला सतत थंड करत असतं, आणि गरम वायूनंतर दर वेळी ताजी हवा आत येते. पण ही सवलत अमर्याद नाही. पेट्रोल टर्बोचं गणित वेगळं, तिथे ९०० च्या आसपास आकडा दिसला तरी नवल नाही. त्यामुळे मित्राच्या पेट्रोल गाडीचा आकडा आपल्या डिझेलला लावू नका.

मग आम्ही घाटात गेलो. दादा चालवत होता, मी शेजारी बसून नोंदी करत होतो. खोपोली सोडल्यावर चढाला पाचवा गिअर, १६०० आरपीएम, पाय पूर्ण दाबलेला. ४८० वरून आकडा बघता बघता ७६० वर गेला. पाण्याचा काटा? जागचा हलला नाही. मग दादाने तिसरा टाकला. इंजिन ओरडायला लागलं, आणि आकडा ६४० वर उतरला! कमी आरपीएमला हवा कमी आणि डिझेल जास्त, म्हणून उष्णता वाढते. आरपीएम वाढले की टर्बो भरपूर हवा देतो, आणि तेवढ्याच चढाला दर स्ट्रोकला डिझेल कमी लागतं. इंजिनाचा आवाज वाढला म्हणजे त्याला त्रास होतोय, हा समज डिझेलच्या बाबतीत घाटात नेमका उलटा ठरतो.

खंडाळ्याला चहा घेताना दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वरची ताकद काढून टाकू. मला रेस नाही लावायची, हप्ते भरायचेत." पुढच्या आठवड्यात ईसीयूमध्ये कंपनीचा मूळ मॅप परत टाकला. त्याच चढाला, त्याच पाचव्या गिअरमध्ये आकडा आता ६८० च्या पुढे जात नाही. आणि दादा आता त्या चढाला पाचवा टाकतच नाही.

तुमच्याकडे मीटर नसेल तरी दोन सवयी फुकट आहेत. चढाला वेळेवर खालचा गिअर टाका. आणि घाट चढून लगेच थांबलात तर इंजिन एक मिनिट आयडलवर चालू ठेवा, नाहीतर तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जागच्या जागी जळून कोळसा होतं. सेन्सर बसवणार असाल तर वॉरंटी आणि विम्याचं आधी विचारून घ्या, आणि जोडातून धूर गळत नाही ना, ते तपासा.

तुमच्या गाडीत हा आकडा किती दिसतो, ते मला नक्की कळवा. फक्त सेन्सर टर्बोच्या आधी आहे की नंतर, हे सोबत सांगा. त्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. भेटू पुढच्या भागात!