अपुऱ्या मचव्याची दुरुस्ती

कोणा अज्ञात कारागिराने अर्ध्यावर सोडलेली आणि पुढे आमच्या कोकणातील घराच्या माळ्यावर वर्षानुवर्षे धूळ खात पडलेली, मासेमारीच्या मचव्याची एक सागवानी प्रतिकृती मी नुकतीच दुरुस्तीस घेतली. त्या कामात जे प्रश्न उभे राहिले, त्यांचा विचार आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

या प्रतिकृतीची डावी कूस फळ्यांनी पूर्ण झाकलेली असून उजवी उघडीच आहे, त्यामुळे पठाणापासून, म्हणजे नौकेच्या तळकण्यापासून, निघालेल्या फासळ्या, त्यांचे सांधे आणि फळ्या कोठवर याव्यात हे दाखविणाऱ्या शिसपेन्सिलीच्या रेघा आजही स्पष्ट दिसतात. ती कूस झाकून, रंग देऊन, मचवा दिवाणखान्यात शोभेलसा करावा, असे अनेकांनी आग्रहाने सुचविले. परंतु तसे करणे म्हणजे जुन्या दस्तऐवजातील कोऱ्या जागा आपल्याच हस्ताक्षरात भरणे होय, आणि ती मुखत्यारी आपल्याला कोणी दिलेली नाही.

म्हणून प्रथम कोरड्या, मऊ कुंचल्याने धूळ काढली. सुटू पाहणाऱ्या फळ्यांचा जुना सरस ऊबदार ओल्या फडक्याने नरम करून त्या पुन्हा सरसानेच बसविल्या. कारण पुढील काळी अधिक जाणत्या माणसास माझे काम उकलावेसे वाटले, तर सरस उकलतो, हल्लीची रासायनिक चिकटद्रव्ये सहसा उकलत नाहीत. एक फासळी किडीने पार पोखरली होती. तिच्या जागी नवी घातली, पण तिला जुना रंग मुद्दाम दिला नाही, आणि आतल्या बाजूस दुरुस्तीचे साल लिहून ठेवले.

डोलकाठीची गोष्ट मात्र निराळी. ती हरवली असली तरी तिच्या बुडाची खाच शाबूत होती, आणि ती खाच पुढच्या बाजूस तिरपी कोरलेली होती. आपल्या किनाऱ्यावरील शिडाच्या मचव्यांची डोलकाठी नाळेकडेच, म्हणजे पुढच्या टोकाकडे, कललेली असे. शीड पालटताना ते ज्याला बांधलेले असते ते लांब, जड परबाण तिच्या पुढून मोकळेपणी फिरावे, हा त्यातला हेतू. हा दाखला मिळाल्यावरच मी काठी उभी केली. सुकाणूचा असा काहीही पुरावा नव्हता, म्हणून ते केले नाही.

इतकी काटेकोर वृत्ती कशासाठी, असे कोणी विचारील. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली 1817 साली बांधलेले सागवानी ‘ट्रिंकोमाली’ जहाज आज इंग्लंडात हार्टलपूल येथे जतन केलेले आहे; कोळ्यांच्या मचव्यांच्या वाट्याला मात्र जेम्स हॉर्नेलसारखे, 1920 साली भारतीय नौकांवर प्रबंध प्रसिद्ध करणारे, मोजकेच अभ्यासक आले. आमचे सुतार बहुधा कागदी आराखड्यावाचून, नजरेच्या आणि परंपरेच्या बळावर नौका बांधीत, आणि यंत्रनौका आल्यावर शिडाचे मचवे झपाट्याने मागे पडले. म्हणूनच अशा प्रतिकृतीतली प्रत्येक खूण पुरावा म्हणून जपावी लागते.

आपल्यापैकी कोणाच्या घरी अशी अपुरी नौका असेल, तर रंगाचा डबा उघडण्यापूर्वी तिची मोजमापे लिहून ठेवावी, छायाचित्रे काढावी आणि बंदरावरील एखाद्या वृद्ध सुतारास ती अवश्य दाखवावी, एवढी माझी विनंती आहे.