पिशवी फुकट, पण खर्च कोणाचा?

(पनवेल येथे बचत गटांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय ‘शाश्वत समाजासाठी आर्थिक धोरण’. नाव ऐकूनच मागच्या रांगेत जांभया सुरू झाल्या, दिसतंय मला! पण हा विषय आपल्या शिलाई मशीनपाशीच आहे.

आपल्यातले काही गट कापडी पिशव्या शिवतात. कापड, दोरा, वीज, शिवणारीची मजुरी धरून भाव सांगितला की दुकानदार म्हणतो, “ताई, परवडत नाही. प्लास्टिकची मी गिऱ्हाइकाला फुकट देतो.” फुकट? ती पिशवी गटारात अडकते, पाणी तुंबतं, सफाई कामगार ती हाताने उपसतो. उकिरड्यावरची गाय ती गिळते, मग डॉक्टरचे पैसे गायवाली भरते. खर्च होतोच. तो फक्त दुकानदाराच्या वहीत लिहिलेला नसतो.

महाराष्ट्रात मार्च 2018 मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. पहिल्यांदा सापडलं तर 5,000 रुपये दंड आहे. तरी बाजारात जाऊन बघा. दंड करणारा कधीतरी येतो, पिशवी रोज येते. म्हणून माझं मत असं, की नुसती बंदी पुरत नाही. नुकसान करणारी वस्तू महाग पडली पाहिजे आणि चांगल्या वस्तूला ठरलेलं गिऱ्हाईक मिळालं पाहिजे. आर्थिक धोरण म्हणजे हेच, दुसरं काही नाही.

आपल्या तळोज्याजवळची कासाडी नदी घ्या. कारखान्यांचं सांडपाणी नदीत आलं आणि मासेमारी करणाऱ्यांचं पोट मारलं गेलं. माल स्वस्त निघाला, कारण त्याची उरलेली किंमत कोळणीने भरली. ज्याने घाण केली त्यानेच भरपाई द्यायची, हे तत्त्व हरित लवादाच्या 2010 च्या कायद्यात लिहिलेलं आहे. पण तक्रार करायला कुणीतरी उभं राहावं लागतं, आणि त्यात वर्षं जातात.

आता एक चांगली गोष्ट सांगते, कारण ती आपल्याच राज्याची आहे. 1972 च्या दुष्काळात बायका खडी फोडायला गेल्या, हे तुमच्या आजी-सासूने सांगितलं असेल. त्याच काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा 1977 चा. मागेल त्याला काम, आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी. पण पैसा कुठून आणायचा? त्यासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापायची, तेवढीच भर सरकारने घालायची आणि त्यातून गावात पाझर तलाव, नालाबांध करायचे. आजही पगाराच्या पावतीवर 200 रुपये कापलेले दिसतात, ते हेच. तुमचा मुलगा कंपनीत असेल तर विचारा त्याला. 1990 पासून याच योजनेला फळबाग लागवड जोडली आणि कोकणातल्या वरकस जमिनीवर आंबा-काजू उभे राहिले. मजुरी मिळाली, पाणी अडलं, झाडं वाढली. योजनेत घोटाळे झाले, हजेरीपटावर खोटी नावं लागली, तेही खरं. तरी शहराने गावच्या माती-पाण्याचे पैसे भरायचे, हा हिशोब मला फार पटतो. मुंबईचा पसारा पनवेलपर्यंत आलाय, विमानतळ झालाय, डोंगर फुटतायत. तेव्हा हा हिशोब पुन्हा मांडायला हवा.

आपल्या हातात काय आहे? ग्रामपंचायतीचा विकास आराखडा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. किती जणींनी विचारलं, तो कुठे खर्च झाला? ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. आपल्याकडे बऱ्याचदा तिची नुसती सही फिरते, बरं का! यंदा सहीआधी इतिवृत्त वाचा, आणि दोन ठराव लिहून न्या: पंचायतीच्या आणि शाळेच्या कार्यक्रमांना लागणाऱ्या पिशव्या, पत्रावळी, खाऊ गावच्या गटाकडून घ्यावा, आणि आठवडी बाजारात प्लास्टिकचा दंड खरोखर वसूल व्हावा.

त्याआधी एक काम. पुढच्या बैठकीला प्रत्येक शिलाई गटाने एका पिशवीचा पूर्ण हिशोब आणायचा, स्वतःच्या मजुरीसकट. मजुरीचा रकाना रिकामा ठेवलेली वही मी परत पाठवणार आहे.