अंगणांतील कॉसमॉस



भाद्रपद सरत आला, कीं पुण्याभोवतालच्या टेकड्यांवर व घाटरस्त्यांच्या कडेला नारिंगी-पिवळ्या फुलांचे ताटवे दिसूं लागतात. "सोनकी फुलली!" म्हणून मंडळी हरखून जातात. पण सोनकी आपल्या सह्याद्रीची, बहुधा गुडघ्याखालींच राहणारी. हीं कमरेच्याही वर गेलेलीं, कातरलेल्या पानांचीं झाडें मेक्सिकोंतून आलेल्या कॉसमॉसचीं. तीं टेकडीवर गेलीं तीं आपल्या बागांतूनच.

मग कॉसमॉस लावूंच नये काय? मला तसें वाटत नाहीं. इतक्या थोड्या श्रमांत इतकें देणारें दुसरें फूल शोधावेंच लागेल. 1791 मध्यें स्पेनमधील वनस्पतिशास्त्रज्ञ काव्हानिय्येस यांनीं त्याला नांव दिलें, तें 'सुव्यवस्था' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. पाकळ्यांची मांडणी पाहिली कीं तें पटतें. झाडाला मात्र व्यवस्थेचें वावडेंच दिसतें.

नारिंगी जातीचें बीं आषाढांत भरपूर उन्हाच्या जागीं, अर्धा इंच खोल पेरावें. रोपांत फूटभर अंतर राखावें. आपली मुरमाड जमीन त्याला चालते. खत घालण्याचा मोह मात्र आवरावा. खतानें पाला माजतो आणि फुलें रुसतात. झाड फूटभर झालें कीं शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. दिवस लहान होऊं लागल्यावांचून त्याला बहर येत नाहीं, म्हणून श्रावणांत कळी न दिसल्यास घाबरूं नये. गुलाबी व पांढरी जात निराळी. ती पाऊस संपल्यावर, आश्विनांत पेरावी. एम्प्रेस गार्डनचें जानेवारींतील पुष्पप्रदर्शन भरतें, त्या सुमारास ती अंगणांत डोलत असते.

खरें काम फूल कोमेजल्यावर आहे. पाकळ्या गळाल्या कीं सुईसारख्या काळपट बिया धरतात. त्या पाण्याबरोबर वाहतात, कपड्यांना अडकतात, आणि टेकडीवर रुजल्या कीं तेथील गवत, कवळा, सोनकी यांची जागा घेतात. हौसेनें टेकडीवर बीं उधळणारे सज्जन मीं पाहिले आहेत. त्याला बागकाम म्हणावयास माझें मन धजत नाहीं. बीं धरण्यापूर्वींच फूल छाटावें. त्यानें नवा बहरही येतो. पुढील वर्षासाठीं दोन-चार बोंडें राखून बाकीचीं जाळावींत. उपटलेलीं झाडें ओढ्याकांठीं टाकूं नयेत.

माझ्या अंगणांत यंदां वीस झाडें आहेत. दाराशीं कात्री आणि एक जुना डबा ठेवला आहे. सकाळच्या चहापूर्वीं तो अर्धा भरतो.