पाणी पानांना द्या

अननस आपण सगळ्यांनी खाल्लेलं आहे. पोर्तुगीजांनी १६व्या शतकात ते भारतात आणलं. त्याच्या कुळाचं नाव ब्रोमेलियाड. ३००० हून जास्त जातींचं हे कुळ जवळपास सगळंच अमेरिका खंडातलं. त्यातल्या कित्येक जाती लाल, गुलाबी, पट्टेरी पानांसाठी कुंडीत लावतात.

मे महिन्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीत ही झाडं जगतील का? जगतील. मात्र काळ्या रानाची सवय बाजूला ठेवावी लागेल. आपली तूर जमिनीतल्या ओलीवर तग धरते; या झाडांची मुळं त्याच ओलीत कुजतात. यातल्या अनेक जाती जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढतात. मुळं फक्त धरून ठेवतात, पाणी पितात ती पानं. म्हणून कुंडीत काळी माती अजिबात नको. विटांचे तुकडे, कोळसा आणि थोडा नारळाचा भुसा पुरे. पानांच्या मधोमध पेला तयार होतो, त्यात पाणी घाला.

पाणी शक्यतो पावसाचं, साठवलेलं. बोअरच्या जड पाण्याने पानांवर पांढरे डाग पडतात. तांब्याच्या घागरीतलं पाणीही नको, आणि द्राक्षबागेतला बोर्डोचा पंप तर इकडे वळवूच नका. त्यात मोरचूद असतं, आणि तांबं या झाडांना विषासारखं आहे.

पेल्यातलं पाणी दर चार दिवसांनी ओतून ताजं भरा. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. एवढं जमणार नसेल तर झाड घरी आणूच नका, असं मी स्पष्ट सांगेन.

सकाळचं कोवळं ऊन द्या, अकरानंतर शेडनेटची सावली. अगदी अंधारात ठेवलं तर रंग जाऊन पानं हिरवी पडतात. यातल्या गुझमानियाला दमट हवा लागते, ती कोकणात शोभते. आपल्याकडे रुपेरी पानांची एक्मिया किंवा चिवट बिलबर्जिया घ्यावी.

झाडाला फूल एकदाच येतं, मग ते हळूहळू वाळतं. घाबरून उपटू नका. बुडाशी पिलं फुटतात. पिलू आईच्या निम्मं झालं की धारदार सुरीने वेगळं करा, कापलेली जागा दिवसभर सावलीत सुकू द्या आणि छोट्या कुंडीत लावा. मूळ झाडात जीव असेपर्यंत आणखी पिलं येत राहतात.