खोट्या शस्त्रक्रियेचा खरा धडा



कंपवाताच्या, म्हणजेच पार्किन्सन्सच्या रुग्णाचे नातेवाईक मला हमखास एक प्रश्न विचारतात. ‘डॉक्टर, आता म्हणे मेंदूत नव्या पेशी बसवतात. आमच्या बाबांना त्याचा उपयोग होईल का?’ या प्रश्नामागची तगमग मला समजते. ज्या माणसाचं अक्षर मोत्यासारखं होतं, त्याची सही बँकेत जुळेनाशी होते. शर्टाची बटणं लावण्यात सकाळ जाते. अशा घराला आशा हवीच असते. पण या उपचाराला चार दशकांहून मोठा इतिहास आहे आणि तो ऐकल्याशिवाय कुणी निर्णय घेऊ नये.

आपल्या मध्यमेंदूत काळसर रंगाच्या पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. हालचाल सुरू करायला आणि ती सफाईनं करायला ते लागतं. कंपवातात या पेशी हळूहळू मरतात. हाताचा कंप किंवा चालण्यातला मंदपणा लक्षात येतो, तोवर त्यातल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. १९६०च्या दशकात लिव्होडोपा हे औषध आलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली. आजही तेच मुख्य औषध आहे. मात्र काही वर्षांनी एकेका गोळीचा परिणाम कमी वेळ टिकतो, आणि कधी कधी अंग आपोआप वेडंवाकडं हलू लागतं.

मग शास्त्रज्ञांनी विचार केला, की रोज टँकरनं पाणी आणण्यापेक्षा अंगणातच विहीर खणली तर? डोपामिन तयार करणाऱ्या पेशीच मेंदूत रुजवल्या तर? १९७९ मध्ये उंदरांवर हा प्रयोग साधला. १९८७ मध्ये मेक्सिकोच्या डॉ. इग्नासिओ माद्रासो यांनी रुग्णाच्याच अधिवृक्क ग्रंथीचा तुकडा मेंदूत बसवला आणि दोन तरुण रुग्णांत मोठी सुधारणा झाल्याचं जाहीर केलं. जगभर अशा शस्त्रक्रियांची लाट आली. पण इतरांना तसा गुण दिसेना, गुंतागुंत मात्र दिसू लागली, आणि काही वर्षांतच ती पद्धत मागे पडली.

त्याच १९८७ साली स्वीडनमधल्या लुंड इथे गर्भपातानंतर मिळालेल्या भ्रूणाच्या मेंदूतल्या पेशी रुग्णांत बसवायला सुरुवात झाली. इथे काहींना खरोखर फायदा झाला. त्या गटातले दोन रुग्ण तर १५ आणि १८ वर्षांनंतरही डोपामिनच्या औषधांशिवाय राहत असल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. पण दोघांच्या यशावरून हजारोंचा उपचार ठरवता येत नाही.

अडचण अशी, की डोक्याची शस्त्रक्रिया झाल्यावर रुग्णाला, घरच्यांना आणि खुद्द सर्जनलाही गुण यावा असंच वाटत असतं. ही इच्छा बाजूला कशी काढायची? अमेरिकेत डॉ. कर्ट फ्रीड आणि सहकाऱ्यांनी ४० रुग्ण निवडले. निम्म्यांच्या मेंदूत पेशी बसवल्या. उरलेल्यांच्या कवटीला फक्त छिद्रं पाडली, आत काहीच घातलं नाही. हे असं होणार, याची कल्पना सर्वांना आधी दिली होती आणि संमतीही घेतली होती. आपल्या वाट्याला काय आलं, हे मात्र वर्षभर कुणालाच सांगितलं नाही. पुष्कळांना हा प्रकार क्रूर वाटला. त्यावर मोठा वाद झाला.

२००१ मध्ये निकाल आला. रुग्णांना स्वतःला किती बरं वाटतं, या मुख्य कसोटीवर दोन गटांत फरक निघाला नाही. साठीच्या आतल्यांचा ताठरपणा आणि मंदपणा काहीसा कमी झाला होता. पण ज्यांना पेशी मिळाल्या, त्यांतल्या सुमारे १५ टक्के लोकांत पुढे औषध कमी केल्यावरही आपोआप हालचाली होत राहिल्या. गोळी बंद करता येते. मेंदूत रुजलेली पेशी काढता येत नाही.

याच रुग्णांविषयीचा २००४ मधला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याला पेशी मिळाल्या असं ज्यांना वाटत होतं, त्यांचं जगणं वर्षभरानंतर अधिक सुधारलेलं होतं, मग त्यांना पेशी मिळालेल्या असोत वा नसोत! त्यांना भास झाला, असंही म्हणता येत नाही. कंपवाताच्या रुग्णाला नुसतं खारं पाणी औषध म्हणून टोचलं, तरी त्याच्या मेंदूत डोपामिन स्रवतं, हे कॅनडातल्या संशोधकांनी २००१ मध्येच दाखवलं होतं. आशा खरोखर हात हलवते. म्हणूनच ‘अमक्याला गुण आला’ हा पुरावा इथे पुरत नाही.

२००८ मध्ये आणखी एक धक्का बसला. ११ ते १६ वर्षांपूर्वी बसवलेल्या काही पेशींतही आजाराच्या खुणा सापडल्या.

आता प्रयोगशाळेत मूलपेशींपासून डोपामिनच्या पेशी तयार करता येतात. एप्रिल २०२५ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठाची सात रुग्णांवरची आणि अमेरिका-कॅनडातली बारा रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. सुरक्षिततेच्या दृष्टीनं निकाल चांगले आहेत, काहींत सुधारणाही दिसली. पण दोन्हींत तुलनेसाठी खोट्या शस्त्रक्रियेचा गट नव्हता.

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा आजारांत मूलपेशी वापरायच्या त्या मान्यताप्राप्त चाचणीतच. तेव्हा कुणी लाखो रुपये सांगून ‘स्टेम सेल’चं इंजेक्शन सुचवलं, तर तीन गोष्टी विचारा. ही नोंदणीकृत चाचणी आहे का? असेल, तर पैसे कशाचे घेता? आणि तुलना कुणाशी केली? उत्तरं मिळाली नाहीत, तर घर गहाण टाकू नका. गोळ्यांच्या वेळा, रोजचा व्यायाम आणि योग्य रुग्णांत मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया, हे पारखलेले उपाय आजही हाताशी आहेत. तोवर विहिरीचं पाणी तपासणारे आपलं काम करताहेत, त्यांना ते करू द्या.