वाटीखाली किती चिंचोके?

आज कोडिंग बाजूला. मी शनिवारी एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांसोबत बेरजेचे खेळ घेतो, त्याबद्दल बरेच जण विचारत होते.

खेळ अगदी साधा आहे. दोघांत दहा चिंचोके आणि एक वाटी. एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने काही चिंचोके वाटीखाली लपवायचे. बाहेर सहा दिसतायत, मग आत किती? सांगायचं आणि वाटी उचलायची. बरोबर की चूक हे वाटीच सांगते, गुरुजी नाही. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. पाच मिनिटं खेळायचं, बास.

दहाच का? तर ८ अधिक ५ घ्या. आठला दहा व्हायला दोन हवेत, ते पाचातून घेतले, तीन उरले, झाले तेरा. दहाच्या जोड्या तोंडात बसल्या की हे जमतं. नाहीतर मूल बोटांवर एकपासून तेरापर्यंत मोजत बसतं, आणि पुढे हातच्याची बेरीज आली की अडकतं. त्यात आपली मराठी! ‘तेरा’मध्ये दहा आणि तीन मुलाला ऐकूच येत नाहीत. चिनी भाषेत तेराला सरळ ‘दहा तीन’ म्हणतात. आपल्याकडे २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ आलं तेव्हा केवढा वाद झाला, आठवत असेल. मला स्वतःला ‘एकवीस’च आवडतं, पण अडचण खरी आहे.

माझे ऑफिसमधले मित्र म्हणतात, याचं ॲप कर, टायमर लाव, स्कोअर दाखव. टायमर तर मी मुळीच लावणार नाही. घड्याळ लावलं की तेच चार जण ओरडून उत्तर देतात, आणि मागे बसून ओठ हलवत मोजणारी मुलगी मोजणंच सोडून देते. खेळ खरं तर तिच्यासाठी असतो. जोडीने खेळलं की तिची पाळी कुणी हिरावून घेत नाही.

उत्तर आलं की एकच विचारायचं, “कसं काढलंस गं?” २ अधिक ७ ला ती दोनपासून पुढे मोजते की सातपासून, हे तेव्हाच कळतं. सातपासून मोजायला लागली की समजा गाडी पुढे सरकली.

आणि हो, सुरू करण्याआधी चिंचोके मोजून घ्या. एखादा नेहमी खिशात गेलेला असतो.