संगणकाच्या पडद्याचे चित्र जपून ठेवा

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



उसाच्या वजनाची पावती आपण बिल जमा होईपर्यंत जपून ठेवतो. मात्र आता बऱ्याच नोंदी कागदाऐवजी संगणकाच्या पडद्यावर दिसतात. आपल्या भागाला हे नवे नाही. सन १९९८ मध्ये वारणा प्रकल्पाद्वारे कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील गावांत संगणक केंद्रे सुरू झाली आणि उसाची नोंद व वजन यांची माहिती गावातच मिळू लागली. परंतु पडद्यावरची नोंद खिशात कशी ठेवावी, हे आपण अजून शिकलेलो नाही.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. वडिलांनी एका केंद्रावर ठिबक संचासाठी अर्ज भरला. पडद्यावर अर्ज क्रमांक आला, चालक "झालं काका" म्हणाला आणि पान बंद झाले. पुढे चौकशी केली तर अर्ज सापडेना. हाती ना क्रमांक, ना पावती. तो हंगाम पाटपाण्यावरच काढावा लागला. मी विद्यार्थ्यांना शिकवतो, पण घरी एवढी साधी गोष्ट सांगायची राहून गेली.

ही गोष्ट म्हणजे पडद्याचे चित्र, म्हणजेच स्क्रीनशॉट. तो असा घ्यावा :

१. अर्ज क्रमांक, नाव व गट क्रमांक पडद्यावर एकत्र दिसू द्यावेत.

२. कळफलकावरील विंडोज आणि प्रिंट स्क्रीन ही बटणे एकदम दाबावीत. चित्र 'पिक्चर्स'मधील 'स्क्रीनशॉट्स' या कप्प्यात आपोआप साठते.

३. संगणक जुना असल्यास फक्त प्रिंट स्क्रीन दाबावे, 'पेंट' उघडावे, कंट्रोल व व्ही दाबून चित्र उमटवावे आणि कंट्रोल व एस दाबून साठवावे.

४. फाइलला कामाचे नाव व तारीख द्यावी. उदा. 'ठिबक अर्ज १५ जून'. नाव न दिलेली फाइल ऐनवेळी सापडत नाही.

५. केंद्रावर असाल तर चित्र आपल्या मोबाइलवर पाठवून घ्यावे, एक छापील प्रतही घ्यावी आणि तेथील संगणकावरून ते पुसून टाकण्यास सांगावे.

चित्र पूर्ण पडद्याचे घ्यावे, म्हणजे खालच्या कोपऱ्यातील तारीख व वेळही त्यात येते. पासवर्ड किंवा ओटीपी दिसत असताना मात्र चित्र घेऊ नये.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. असे चित्र चौकशीला उपयोगी पडते, पण ते दाखल्याची जागा घेत नाही. महाभूलेखवर नुसता पाहिलेला सातबारा माहितीपुरता असतो. कामासाठी शुल्क भरून डिजिटल स्वाक्षरीचा उताराच घ्यावा.

अर्ज भरल्यावर खुर्चीवरून उठण्यापूर्वी ही दोन बटणे दाबण्याची सवय लावून घ्यावी, एवढीच विनंती करतो.